लाल मिरची फिकी दिसायला लागली: एनटीएम या क्षयासारख्या फुफ्फुसविकाराच्या लांबलेल्या उपचारातलं एक प्रकरण

रुग्ण स्त्री (त्यांना इथे मावशी म्हणते), वय ५२, वजन ३८ किलो. भिवापूर तालुक्यातलं गाव, दीड एकर कोरडवाहू शेती, घरी नवरा, मुलगा, सून आणि एक नातू. जानेवारी ते मे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे वाळलेली मिरची खुडून निवडतात त्या जागी, मजुरी. त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं नागपूरच्या छातीविकारतज्ज्ञांनी ठरवली. महिन्या-महिन्याची तपासणी आणि मधल्या काळातल्या तक्रारी माझ्याकडे होत्या.

निदान

मावशींना याआधी दोनदा क्षयाचा पूर्ण कोर्स झालेला होता. पहिल्या वेळी त्या ठणठणीत बऱ्या झाल्या. काही वर्षांनी खोकला परत सुरू झाला, थुंकीत ‘जंतू आहेत’ असा रिपोर्ट आला आणि पुन्हा सहा महिने गोळ्या झाल्या. या खेपेला फरक जेमतेम पडला. तिसऱ्यांदा खोकला, सकाळी कपभर बेडका, संध्याकाळची कणकण आणि उतरत जाणारं वजन घेऊन आल्या तेव्हा थुंकीत परत जंतू दिसले. मात्र सीबीनॅट तपासणीत क्षयाचा जंतू सापडला नाही.

असे दोन रिपोर्ट एकत्र समोर आले की थांबून विचार करायला हवा. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू आणि त्याचे भाऊबंद सारखेच लाल काड्यांसारखे दिसतात. सीबीनॅट मात्र फक्त क्षयाच्या जंतूचे जनुक शोधते. या भाऊबंदांना एनटीएम म्हणतात, म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया. ते मातीत आणि पाण्यात असतातच. आपण रोज त्यांच्या संपर्कात येतो आणि बहुतेकांना काही होत नाही. जुन्या क्षयाने फुफ्फुसात व्रण आणि रुंदावलेल्या श्वासनलिका मागे राहिल्या असतील, तर तिथे ते ठाण मांडतात. एकदा थुंकीत सापडले म्हणजे आजार आहे असं होत नाही. लक्षणं हवीत, सीटी स्कॅनमध्ये तसे बदल हवेत आणि वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या थुंकीच्या निदान दोन कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासण्यांत, तोच जंतू यायला हवा. मावशींच्या दोन्ही कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स आला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक लहान पोकळीही होती.

पोकळी असल्यामुळे गोळ्या रोज घ्यायच्या ठरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन ४५० आणि इथॅम्ब्युटॉल ६०० सुरू झालं. किती दिवस, हे मुलाने पहिल्याच भेटीत विचारलं. थुंकीतले जंतू जायला लागतील तितके महिने, आणि ते गेल्यानंतर आणखी बारा महिने. हे ऐकून तो गप्प झाला. निक्षय पोषण योजनेत क्षयाच्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात, गोळ्याही मोफत असतात. हा आजार क्षय नाही, त्यामुळे या घराला प्रत्येक पाकीट मेडिकलमधून विकत आणावं लागलं. ऑगस्ट २०२४ पासून मावशींना लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळू लागले, तेही गोळ्यांतच जात.

एक गोष्ट मात्र मी त्याच दिवशी तिघांना समोर बसवून सांगितली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दोन क्षयांच्या काळापासून मावशींचं ताट-गिलास वेगळं होतं आणि नातू त्यांच्याजवळ झोपत नव्हता. सुनेने त्याच आठवड्यात भांडी एकत्र केली. औषधांच्या इतक्या लांब प्रवासात याचा किती उपयोग होतो, हे मी वेगळं काय सांगू.

सुरुवातीचे महिने

दुसऱ्याच दिवशी लघवी नारंगी झाली. रिफाम्पिसिनने ती होतेच, घाम आणि अश्रूंनाही तो रंग येतो. हे सांगितलेलं होतं, तरी शेजारच्या आजीने कावीळ ठरवून टाकली आणि मावशी काविळीचा पाला प्यायला दुसऱ्या गावी जायला निघाल्या. आशाताईंनी अडवलं म्हणून बरं झालं. यात खरा धोका उलट बाजूचा आहे. लघवी गोळीमुळेच पिवळी-नारंगी आहे असं समजून खरी कावीळ अंगावर काढली जाते. म्हणून त्यांना लघवीकडे बघूच नका म्हटलं. उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघा. तो पिवळा झाला, जेवणावरची वासना उडाली, उलट्या लागल्या, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्या दिवशीच्या गोळ्या घेऊ नका आणि लगेच या. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला महिन्याला केल्या, सगळ्या ठीक आल्या.

मळमळ जास्त होती. तिन्ही औषधं सकाळी एकदम घेतली की अकरापर्यंत पोटात ढवळायचं आणि मग दुपारचं जेवण राहायचं. आधीच ३८ किलो वजनाच्या बाईने जेवण चुकवणं परवडणारं नाही. रिफाम्पिसिन उपाशीपोटीच चांगलं शोषलं जातं, म्हणून ते पहाटे उठल्याबरोबर ठेवलं. बाकीची दोन रात्री वरण-भातानंतर दिली. चार-पाच दिवसांत फरक पडला. जळजळीसाठी त्या गुलाबी अँटासिड सिरप पीत होत्या. त्यातल्या अॅल्युमिनियममुळे इथॅम्ब्युटॉल नीट शोषलं जात नाही, तेव्हा दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं.

खोकल्यासाठी श्वासाचे व्यायाम शिकवले. खोल श्वास, थोडं थांबणं, मग काचेवर वाफ धरताना करतो तसा ‘हाऽ’ करत बेडका वर आणायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. हे त्यांनी कधी चुकवलं नाही. फेब्रुवारीत वजन दीड किलोने वाढलं होतं.

मे महिना

मार्च संपता संपता जुलाब सुरू झाले. दिवसातून तीन-चार वेळा, पातळ, रक्त नाही, ताप नाही. अझिथ्रोमायसिनने आतड्याची हालचाल वाढते, तसा हा त्रास. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सातऱ्यावर हंगाम जोरात होता. किलोमागे मजुरी मिळते, उठून घरी गेलं की तेवढे पैसे बुडतात. शिवाय उघड्यावर सारखं जायला लागू नये म्हणून त्या पाणीच कमी प्यायला लागल्या. दिवसभर उकिडवं बसून कंबर आणि गुडघे धरायचे, त्यासाठी कुठूनतरी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून रोज संध्याकाळी एक घ्यायच्या. विदर्भातला एप्रिल-मे कसा असतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या त्या चष्म्याची चिठ्ठी मागायला. गावातल्या एका शिबिरात मोतिबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं गेलं होतं. मी सहज विचारलं, काय दिसत नाही?

“दिसते जी सगळं,” त्या म्हणाल्या. “पन मिरची लाल दिसून नाही रायली. फटकी अन् चांगली एकसारखीच वाटते. मुकादम बोलला मले, तू ढिगात फटकी टाकून रायली म्हने.”

सातऱ्यावर वाळलेल्या मिरचीचा देठ खुडतात आणि पांढुरकी पडलेली फटकी मिरची वेगळी काढतात. हे काम त्या अनेक वर्षं करत होत्या. हात आपोआप चालायचे. त्या हातांना लाल आणि फटकीतला फरक कळेनासा झाला होता. मोतिबिंदूत नजर धुरकट होते, उजेडात डोळे दिपतात. लाल रंग विटल्यासारखा दिसणं हे दृष्टीच्या नसेचं लक्षण आहे, आणि इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं तर ती गोळी त्याच क्षणी बंद करायची असते. दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही, तज्ज्ञांचा फोन लागेपर्यंतही नाही.

एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घेतला. उजवा ६/१८, डावा ६/२४ (६/६ म्हणजे चांगली नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी). उपचाराच्या सुरुवातीला दोन्ही ६/९ होते. ठिपक्यांच्या रंगचाचणीच्या पुस्तकातली पहिली पाटी सोडली तर त्यांना एकही आकडा ओळखता आला नाही. नेत्रतज्ज्ञांना पडद्यावर काही दोष दिसला नाही. यात नस डोळ्याच्या मागच्या बाजूला सुजते, त्यामुळे सुरुवातीला आत बघून सगळं ठीक दिसतं. ‘डोळा तपासला, काही नाही’ यावर विसंबू नये ते यासाठी.

आता मुद्द्याचं. किलोमागे १५ मिलिग्रॅम या बेताने इथॅम्ब्युटॉल दिलं तर डोळ्याचा त्रास होण्याचं प्रमाण कमी असतं. मग यांनाच का झाला? इथॅम्ब्युटॉल मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंड मंदावलं की तोच डोस अंगात साठतो. सुरुवातीचं क्रिएटिनिन १.१ होतं आणि लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ रकान्यात बसत होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंड मंदावलं की तो वाढतो. पण तो येतो स्नायूंतून. ३८ किलोच्या बाईच्या अंगात स्नायू असतात किती? म्हणून साधा हिशेब करायचा: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा आणि स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. उत्तर येतं मिनिटाला साधारण ३६ मिलिलिटर, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला साधारण इतकं रक्तद्रव साफ करतं. निरोगी माणसात ते ९०च्या पुढे असतं. म्हणजे मूत्रपिंडाची ताकद पहिल्या दिवसापासूनच बेताची होती. जुलाब, उन्हाळा, कमी पाणी आणि त्यावर मूत्रपिंडाला जड जाणारं डायक्लोफेनॅक, यानंतर मेमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं आणि वजन ३६ वर आलं. तोच हिशेब आता २७ सांगतो. मिनिटाला ३० च्या खाली गेल्यावर इथॅम्ब्युटॉल रोज द्यायचंच नसतं, आठवड्यातून तीनदा द्यायचं असतं.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच साखळीमुळे. डोळ्याचा त्रास डोळ्यात सुरू झाला नव्हता. तो पोटात सुरू झाला, मूत्रपिंडातून गेला आणि मग डोळ्यापर्यंत आला. ‘थोडं पोट बिघडतं, चालायचंच’ म्हणून जो त्रास सोसला गेला, त्याने दुसऱ्या गोळीचं विष केलं. दीर्घ औषधोपचारात किरकोळ त्रास असा वेगळा राहत नाही. सडपातळ, वयस्कर, उन्हात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत तर नाहीच. विदर्भात ज्यांना एवढ्या लांब गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांतल्या किती जणी अशाच असतात! वजन न बघता क्रिएटिनिनचा आकडा वाचणं बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी इथॅम्ब्युटॉल आणि डायक्लोफेनॅक बंद केलं. दिवसाला दोन लिटर ओआरएस आणि ताक, कामावर सुट्टी, दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल. जुलाबात रक्त आलं, ताप आला किंवा दिवसातून सहा-सात वेळा जावं लागलं तर परत यायचं, कारण दीर्घ अँटिबायोटिक्सनंतर आतड्याचा एक वेगळा, गंभीर संसर्ग होऊ शकतो. जुलाब थांबवायची गोळी मनाने घ्यायची नाही. दहा दिवसांनी क्रिएटिनिन परत १.१ वर आलं.

बदललेली गोळी

इथॅम्ब्युटॉल काढलं की प्रश्न संपत नाही. या उपचाराचा कणा अझिथ्रोमायसिन आहे आणि ते एकटं पडलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. तसं झालं तर पुढचा उपचार फार अवघड. सोबतीला फक्त रिफाम्पिसिन राहिलं तर ते पुरेसं राखण करत नाही. रुग्ण घरी बसून ‘ही एक त्रासाची गोळी सोडतो, बाकीच्या घेतो’ असं ठरवतो तेव्हा नेमका हाच धोका ओढवतो. तज्ज्ञांनी जूनच्या सुरुवातीला इथॅम्ब्युटॉलच्या जागी क्लोफाझिमिन १०० मिलिग्रॅम दिलं.

क्लोफाझिमिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा कालावधी लांबवू शकतात आणि तो फार लांबला तर ठोके धोकादायक बिघडू शकतात, म्हणून आधी ईसीजी काढला. क्यूटी ४३० मिलिसेकंद होता. गोळ्यांची पिशवी उलटी केली तेव्हा त्यात गॅससाठी दिलेली पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल सापडली. गावोगावी सर्रास दिली जाते. डॉमपेरिडोनही क्यूटी लांबवतं. ती बंद केली. पुढचे ईसीजी ४५५ पर्यंत गेले आणि तिथेच राहिले. ५०० ओलांडला असता तर औषधं थांबवावी लागली असती.

खरी अडचण वेगळीच निघाली. क्लोफाझिमिनने कातडीचा रंग बदलतो, तांबूस, मग काळपट. दोन महिन्यांत मावशींचा चेहरा आणि हात गडद झाले, कातडी कोरडी पडली. ही गोळी कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातही असते. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाची पाहणी करणारी पथकं अजून घरोघरी फिरतात, लोकांना त्या गोळ्या आणि त्यांनी येणारा रंग ठाऊक असतो. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्याला पाऊणशे वर्षं झाली, तरी ‘महारोग’ हा शब्द गावात आजही दबक्या आवाजात आणि तितक्याच वेगाने फिरतो. सातऱ्यावरच्या दोघींनी मावशींच्या शेजारी बसणं सोडलं. मुलाने एक दिवस पाकीट आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, खरं सांगा, माह्या मायले ते झालं काय?”

मी त्याला या गोळीची कूळकथा सांगितली. १९५०च्या दशकात डब्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी ती शोधली ती क्षयासाठीच. पुढे ती कुष्ठरोगावर जास्त उपयोगी ठरली आणि आता परत फुफ्फुसाच्या चिवट आजारांत वापरतात. क्षयाचा, कुष्ठरोगाचा आणि हा जंतू एकाच कुळातले आहेत, म्हणून औषध सामायिक. मावशींना महारोग झालेला नाही. आणि हेही सांगितलं की झाला असता तरी तो बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर पसरत नाही आणि शेजारी बसायला हरकत नसते. पहिलं सांगून दुसरं गाळणं मला पटत नाही. आपल्या माणसाला वाचवायला दुसऱ्याच्या माथी कलंक मारायचा नसतो.

आशाताई सातऱ्यावर गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर हेच बोलल्या. एक जण परत शेजारी बसू लागली, दुसरी नाही. रंगासाठी उपाय थोडेच: रात्री खोबरेल तेल, उन्हात पदर किंवा दुपट्टा, साबण कमी. गोळी जेवणानंतरच. औषध अंगातून फार सावकाश जातं, त्यामुळे गोळी बंद झाल्यावरही रंग उतरायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात, हे आधीच सांगून ठेवलं. बाईमाणसाचा काळवंडलेला चेहरा ही ‘दिसण्यापुरती’ तक्रार आहे असं म्हणणाऱ्यांनी लग्नसराईत त्यांच्या घरी एकदा बसावं. मावशी त्या वर्षी भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत.

पुढचं

नजर परत यायला वेळ लागला. ऑगस्टमध्ये उजवा डोळा ६/९ वर आला, डावा ऑक्टोबरमध्ये ६/१२ वर. रंगचाचणीत उजव्या डोळ्याला बहुतेक पाट्या वाचता येतात, डाव्याला निम्म्याच. हे नुकसान वेळेत गोळी थांबली तर बहुधा भरून येतं, पण पूर्ण येईलच असं नाही. इथे लक्षण कळल्यापासून गोळी थांबेपर्यंत दोन-तीन आठवडे गेले होते. मधलं ते मोतिबिंदूचं निदान झालं नसतं तर डावा डोळाही कदाचित जास्त सुधारला असता.

आता माझ्याकडे इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्या प्रत्येकाला घरची चाचणी शिकवते. दर सोमवारी सकाळी, दारातल्या उजेडात, एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक तिथी वाचायची, मग एक लाल मिरची किंवा कुंकवाची डबी बघायची. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांना लाल सारखाच लाल दिसला पाहिजे. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलं तर चांगला डोळा वाईटाला झाकतो, म्हणून एकेकच. चाचणी घरातलं कुणीतरी घेतं आणि कॅलेंडरवरच खूण करतं. दवाखान्यातली महिन्याची तपासणी याने चुकवायची नाही.

अकराव्या महिन्यात कानात गुणगुण सुरू झाली. अझिथ्रोमायसिनने ऐकणं कमी होऊ शकतं, म्हणून नागपूरला श्रवणचाचणी केली. थोडा फरक होता, औषध बदलावं असा नव्हता. पुढे वाढला नाही.

नागपूरची फेरी हे स्वतंत्र ओझं होतं. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून सगळी भिस्त एसटीवर. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं हा मोठा आधार. पण सोबत येणाऱ्या मुलाचं पूर्ण तिकीट आणि दिवसाची मजुरी जातेच. त्यामुळे रक्त, ईसीजी आणि थुंकीचा नमुना इथेच घेऊन रिपोर्ट फोनवर पाठवायची सोय तज्ज्ञांनी मान्य केली, आणि तेवढ्याने फेऱ्या बऱ्याच घटल्या. अशी सोय मागितली तर पुष्कळ तज्ज्ञ नाही म्हणत नाहीत, मागायला हवी.

थुंकीचं पहिलं निगेटिव्ह कल्चर ऑगस्ट २०२४ च्या नमुन्याचं. त्यानंतरचे सलग निगेटिव्ह आले, तेव्हा बारा महिने तिथून मोजले. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी गोळ्या बंद झाल्या. वजन ४१ किलो. खोकला सकाळपुरता, बेडका चमचाभर. रुंदावलेल्या श्वासनलिका तशाच राहणार, त्यामुळे श्वासाचे व्यायाम चालूच ठेवायचे आहेत. हा जंतू पुन्हा बस्तान बसवू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी थुंकीचं कल्चर ठरलं आहे.

मिरची निवडायला डावा डोळा साथ देत नाही. मुकादमाशी बोलून त्यांना निवडीऐवजी पोती भरून शिवायचं काम मिळालं आहे, मजुरी थोडी कमी. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, जानेवारीत, क्रिएटिनिन आणि वजन बघायचं आहे. सातऱ्यावर पाण्याचा माठ आणि बायकांसाठी आडोशाची सोय व्हावी म्हणून आशाताई आणि मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे.